ट्रकच्या पार्टवर अमेरिकेत टॅरिफ नक्की किती, 25 का 50? (नोव्हेंबर 2025) कस्टमर 20 टक्के कमी करा म्हणतोय

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतनं कास्टिंग घेतो, मशिनिंग करतो आणि हेवी ट्रकच्या अ‍ॅक्सलचे हाउसिंग अमेरिकेला पाठवतो, एफओबी न्हावा शेवा (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आमचा). ऑगस्ट 2025 मध्ये 50 टक्के टॅरिफ लागल्यापासनं निम्म्या ऑर्डरी थांबल्यात. आता नोव्हेंबर संपत आला आणि कस्टमर म्हणतोय 20 टक्के रेट कमी करा तरच पुढची पीओ (खरेदी ऑर्डर). आमचा सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) म्हणतो 50 लागतंय, शेजारचा म्हणतो 25. 14 माणसं आहेत कामावर, कुणाला घरी बसवायचं मनात नाही. काय करू?

निर्यात_सांगली:
दादा, शेजारचा बरोबर असायची शक्यता जास्त आहे. 50 म्हणजे 7 ऑगस्टचे 25 आणि रशियाच्या तेलावरनं 27 ऑगस्टला लावलेले आणखी 25. पण 1 नोव्हेंबर 2025 पासनं मध्यम आणि हेवी ट्रक (10 हजार पाउंडांच्या वरचे) आणि त्यांचे पार्ट कलम 232 (देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ठराविक मालावर टॅरिफ लावायचं अमेरिकेचं कलम) खाली गेले, तिथं 25 टक्के आहे, आणि 232 मधल्या मालावर ते वरचे 50 लागत नाहीत. म्हणजे बाकीच्या देशांसाठी ती वाढ होती पण आपल्यासाठी उलटं कमी झालं! कारच्या पार्टला मे महिन्यापासनंच असं आहे. तुमच्या मालाचा कस्टम कोड त्या यादीत आहे का तेवढं बघा.

हिशेबी:
सही करायच्या आधी हा हिशेब बघा. मूळ ड्युटी सोडून देऊ. 100 डॉलरचा माल तुम्ही 80 ला दिला, त्यावर 25 टक्के म्हणजे 20, कस्टमरला पडला बरोबर 100. म्हणजे सगळा टॅरिफ तुम्ही भरला, त्यानं एक सेंटही नाही!! 50 असतं तर 80 चे 120 झाले असते, तेव्हा निम्मं निम्मं वाटून घेतल्यासारखं होतं. त्याची मागणी जुन्या दरावर बांधलेली दिसतीय. आणि ड्युटी तिथला इम्पोर्टर भरतो, त्याच्याकडं 7501 नावाची एंट्री समरी असते, नोव्हेंबरनंतर क्लिअर झालेल्या मालाची कॉपी मागा, काय दरानं भरली ते त्यात असतं.

कोडवाला:
एक जपून. बरेच जण कास्टिंग म्हणून 7325 (लोखंडी कास्टिंगचा कोड) लिहितात. अ‍ॅक्सलचा भाग म्हणून ओळखू येत असेल तर तो 8708 (गाड्यांच्या पार्टचा कोड) मध्येच जातो, मशिनिंग थोडं बाकी असलं तरी. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पण दर ठरतो अमेरिकेच्या दहा आकड्यांवर, म्हणून तो कोड कस्टमरकडनंच लेखी घ्या. आणि ‘डीडीपी करा’ (म्हणजे तिथली ड्युटीही तुम्हीच भरा) म्हणाला तर अजिबात नको, दर उद्या बदलला तर पुढचा सगळा भार तुमच्या डोक्यावर. इनव्हॉइस कमी दाखवायची गोष्ट तर कुणी काढलीच तर तिथंच थांबवा, मी एक चांगला चाललेला धंदा त्यात बंद पडताना बघितलाय.

शिरोलीकर:
मंडळी, मनापासनं आभार, चार रात्री झोप नव्हती. आत्ताच मेल टाकला, दहा आकडी कोड आणि 7501 मागितलाय, आणि सांगितलंय की 25 असेल तर 8 टक्क्यांच्या पुढं रेट कमी करणं मला परवडत नाही. उत्तर आलं की इथंच टाकतो.