ओठ आणि आवाज : भाचीच्या प्रकल्पासाठी थोडी भर

डब केलेल्या मालिकांत ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर प्रेक्षकाला ते कितपत जाणवतं, हा तुमच्या भाचीच्या प्रकल्पाचा विषय तुमच्या पोस्टमध्ये वाचला. प्रश्नावलीत ‘खटकलं का?’ असं थेट विचारू नये, असं माझं मत. विचारलं की सगळ्यांनाच खटकतं! त्यापेक्षा एकच क्लिप घेऊन आवाज कधी पुढे, कधी मागे सरकवा आणि क्रम उलटसुलट करून दाखवा. आवाज आधी आला तर माणूस पटकन पकडतो, उशिरा आला तर बराच चालवून घेतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) प्रसारणविषयक शिफारशीतले आकडेही असेच एका बाजूला झुकलेले आहेत: आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे पडला तर १२५पर्यंत खपून जातो. लांबच्या घाटावर कपडे आपटणाऱ्याचा हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. उलटं कधी घडतच नाही, म्हणून असावं.

मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांचा १९७६चा प्रयोगही तिने करून बघावा. ओठ ‘ग’चे, आवाज ‘ब’चा, आणि अनेकांना ऐकू येतो तिसराच, ‘ड’सारखा. डोळे मिटले की पुन्हा स्वच्छ ‘ब’. मराठी मुलांसाठी पर्यायांत ‘द’ आणि ‘ड’ दोन्ही ठेवा. कोण काय निवडतं, हे बघण्यासारखं असेल.

आणि हो, ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत. त्यांचा आवाज मुळातच मागे पडतो, तोही प्रत्येकाचा वेगवेगळा. साधे वायरवाले आणा.