मक्यात ट्रायकोकार्ड लावलं, पण लष्करी अळीची मधली अंडी काळी होत नाहीत, का?

नमस्कार मंडळी, मका अजून लहान आहे, लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसमची (किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी बारीक परोपजीवी माशी) कार्डं आणली आणि ऊन लागू नये म्हणून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल केली. फवारणी कसलीही नाही. आता भिंगातून बघतोय तर अंडीपुंजातली कडेची अंडी काळी पडलीत, म्हणजे माशीने त्यात अंडं घातलंय एवढं कळतं, पण मधली तशीच आहेत, आणि ज्या पुंजावर पतंगाच्या मादीने करड्या केसांचा (म्हणजे अंगावरच्या खवल्यांचाच) जाड थर घातलाय तिथे तर काहीच काम दिसत नाही.

मला अडलंय ते हे की माशीला अंडं कळतं कशावरून? वाचण्यात आलं की पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांचा वास लागला की ही माशी तिथेच वळून वळून शोधत राहते, अंडं सापडलं की वर चढून मिशांनी टकटक करत फिरते आणि त्या फेरीतच त्याचा आकार मोजून आत किती अंडी घालायची ते ठरवते. अर्धा मिलीमीटरचा जीव, कमालच म्हणायची! पण खवल्यांचा वासच तिला बोलावत असेल तर खवल्यांचाच थर तिला नको का होतो? की कार्डावरच्या माश्या कॉरसायराच्या (तांदळावरच्या पतंगाच्या) सुट्या, उघड्या अंड्यांवर वाढतात म्हणून त्यांना हे जमत नाही? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, वास ओळखणं वेगळं आणि अंड्यापर्यंत पोचणं वेगळं. लष्करी अळीची अंडी एकावर एक थरात असतात, त्यात वरून केस, मग ट्रायकोग्रामाला कडेची आणि वरची तेवढीच मिळतात. टेलेनोमस रेमस ही दुसरी परोपजीवी माशी मात्र केसांतून वाट काढून खालच्या थरापर्यंत जाते, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळते का विचारा. कॉरसायरावर पिढ्यान् पिढ्या वाढवल्याने माशीची शोधायची धार कमी होऊ शकते हे खरं, पण इथे मुख्य अडचण थराचीच वाटते. आणि अंडं ताजं लागतं, ही अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून पतंग सापळ्यात दिसायला लागले की लगेच कार्डं लावायची. अजून एक, फुटायच्या आधी चांगलं अंडंही गडद दिसतं, माशीचं असेल तर ते काळंच राहतं आणि त्यातून अळी निघत नाही. पानासकट पुंज डबीत ठेवून बघा आणि जमलं तर भिंगातून काढलेला फोटो टाका.