'हक्क जमिनीबरोबर धावेल': 'रन'ला इथे मराठीत काय म्हणायचं?

व्हाळाकाठ
नमस्कार मंडळी, एका विक्रीखतावरून घरात वाद पेटलाय म्हणून विचारतो. आमच्या मावशीचं गोव्यात फोंडा तालुक्यात थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, त्यातला खालच्या अंगाचा तुकडा शेजाऱ्याला द्यायचं चाललंय. कागद अर्थातच इंग्लिशमध्ये. मावशी मराठी शाळेत शिकलेली, समजल्याशिवाय सही करणार नाही म्हणते आणि ते योग्यच आहे, म्हणून एकाकडून तर्जुमा करून घेतला. त्यात दोन वाक्यं आहेत (व्हाळ म्हणजे ओढा): 'मिळकतीची पूर्वेकडील हद्द व्हाळाच्या कडेने धावते' आणि 'पायवाटेचा हक्क जमिनीबरोबर धावेल'. पहिलं तिने कसंबसं चालवून घेतलं, दुसऱ्यावर कागद खाली ठेवला. हक्क धावेल म्हणजे पळून जाईल काय, मग मी बावीवर (विहिरीवर) जायचं कुठून, हा तिचा प्रश्न.

मूळ इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'रन' आहे. कायद्यातला अर्थ मला कळतो: वरची जमीन उद्या कोणाच्याही नावावर झाली तरी वाट त्याला मिळणार, आणि खालची कोणीही घेतली तरी त्याला ती मोकळी ठेवावी लागणार. अर्थ कळतो पण क्रियापद सापडत नाही. 'जमिनीबरोबर जाईल' लिहिलं तर हक्क गेला असंच वाटतं. काय लिहू?

निखळ मराठी
धावायला पाय हवेत, निदान चाकं तरी. ना हद्दीला पाय ना हक्काला. मराठीत 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' म्हणतात त्यात धावणारा सरडा आहे, कुंपण नाही! शब्दकोशात 'रन' उघडायचं, पहिला अर्थ उचलायचा आणि वाक्यात ठोकून द्यायचा, ही सवय आता सरकारी कागदांत सगळीकडे शिरली आहे. तुमच्या मावशीचा कान शाबूत आहे, तिचंच ऐका. हद्द 'आहे' लिहा, हक्क 'राहील' लिहा.

चिरेबंदी
मी कंपाउंड वॉल, गटारं असली कामं घेतो. आमच्याकडे चिऱ्यांच्या भिंतीचा दर 'रनिंग मीटर'वर असतो, म्हणजे उंची जाडी आधी ठरलेली आणि मोजायची फक्त लांबी. गवंडी, कामगार, मालक, कोणालाही विचारा, 'रनिंग मीटर'च म्हणतात. कामाचं मधलं बिल ते 'रनिंग बिल'. पंचायतीच्या एका कागदावर मी 'धावते मीटर' वाचलं होतं आणि मला तरी काही खटकलं नाही, उलट लांबीच्या दिशेने नजर धावते ना. पाय हवेत हा नियम कोणी केला? 'धावती भेट' म्हणता तेव्हा भेटीला पाय असतात का?

निखळ मराठी
भेट देणारा धावपळीत असतो, त्याचं विशेषण भेटीला लागलं. 'धावतं समालोचन' पण तसंच, खेळ पळतोय आणि बोलणारा त्याच्या मागे. भिंतीत कोण पळतंय? 'सलग मीटर' म्हणा, काय बिघडतं?

चिरेबंदी
बिघडतं. 'सलग' म्हणजे मध्ये खंड नाही. आमची भिंत गेटपाशी तुटते, पुढे परत सुरू होते, तरी मोजणी रनिंग मीटरमध्येच. तुमच्या शब्दाने माझं बिल अडेल हो.

मांडवीपार
मांडवीतल्या चोडण बेटावर राहतो, पलीकडच्या रायबंदरची फेरी ही आमची रोजची वाट. सणासुदीला पेपरात बातमी येते 'रात्री जादा फेरीबोट धावणार', आणि मला दर वेळी वाटतं की हे लिहिणारा फेरीत कधी बसला नसणार. फेरी धावत नाही. ती धक्क्यावरून सुटते, पाण्याच्या ओढीप्रमाणे थोडी तिरकी घेतात, आणि पलीकडे जाऊन लागते. आम्ही घाटावर विचारतो 'फेरी चालू आहे?' नाहीतर 'फेरी सुटली?' कोंकणीत तर साधं 'फेरी चलता'. रेल्वे धावते, ठीक, ती खरंच जोरात जाते. पण इंग्लिशमध्ये रेल्वे, बस, फेरी, कारखाना, घड्याळ, सगळ्यांना एकच शब्द म्हणून आपणही सगळ्यांना पळवायचं का?

कोशवाचक
एकच शब्द आहे म्हणूनच तर हा घोळ. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 1989ची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, साधारण 430 अर्थ. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं, एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ! पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने त्या एका नोंदीवर नऊ महिने काम केलं. वाढ मुख्यतः यंत्रांमुळे झाली असं सांगतात आणि ते पटतं, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, मग कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम आले, प्रत्येकाने तोच शब्द घेतला.

मराठीने ते ओझं वाटून घेतलं. यंत्र चालतं, नळ वाहतो, रंग जातो (कपडा धुताना), नाक गळतं, ताप चढतो, अफवा पसरते, लेख छापून येतो, दुकान चालवतात, सोसायटीचा कारभार बघतात, कर्ज वाढत जातं, दूध संपतं. म्हणून 'रन'ला मराठीत काय म्हणतात हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. आधी विचारायचं, कोण करतंय? कर्ता कळला की क्रियापद आपोआप येतं. 'रन' बाजूला ठेवा आणि 'हक्क' या शब्दाला मराठीत काय काय होतं ते आठवा. हक्क असतो, मिळतो, पोचतो, राहतो, बुडतो, जातो. धावत नाही.

कराडची लेक
मी मूळची कराडकडची, लग्न होऊन म्हापशाला आले. धावायला पाय हवेत म्हणणाऱ्यांना सांगते, आमच्या माहेरच्या विहिरीला 'धाव' होती. मोटेचे बैल नाडा ओढत ज्या उतारावरून खाली जायचे, त्या उताराला धाव म्हणतात. मोट बंद होऊन किती वर्षं झाली पण आजही ती जागा 'धावेवर' म्हणूनच ओळखली जाते, धावेवर कडबा रचलाय, धावेवर पोरं खेळतायत. म्हणजे जमिनीच्या एका पट्ट्याला मराठीने स्वतःच, कोणाचा तर्जुमा न करता, धाव म्हटलंय. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी बसवतात तीही धाव. तापवून लाल करून बसवायची आणि वर पाणी ओतायचं, लोहाराकडे तो वाफेचा चर्रर्र आवाज ऐकायला आम्ही मुद्दाम थांबायचो. हे शब्द आता कोणाला ठाऊक नाहीत म्हणून मराठीला ही कल्पनाच परकी आहे असं म्हणू नका. वाईट वाटतं.

निखळ मराठी
ताई, दोन्ही उदाहरणं सुंदर आहेत, पण दोन्हीत धावणारं कोणीतरी आहे. धावेवरून बैल जातात, चाकाची धाव रस्त्यावरून पळते. तुम्ही माझीच बाजू घेतलीत.

कराडची लेक
मी कोणाची बाजू घेतली नाही. व्हाळाच्या कडेने माणूस चालत गेला म्हणूनच हद्द तिथून गेली ना? मोजणीवाला साखळी घेऊन त्याच कडेने फिरला. 'रस्ता म्हापशाला जातो' म्हणताना रस्त्याचे पाय तुम्ही शोधता का?

लिसेंवचा नातू
आमचे आजोबा पणजीच्या लिसेंवात (पोर्तुगीज हायस्कूलात) शिकले, घरी हिशोब आणि रागावणं दोन्ही पोर्तुगीजमध्ये. त्यांच्या तोंडी 'कुर्रेर' म्हणजे धावणे सारखं असायचं. परीक्षा देऊन आलं की 'कुर्रेव बें?', म्हणजे बरी गेली का. पोर्तुगीजमध्ये परीक्षा धावते, काळ धावतो, खिडकीचा पडदा ओढायचा तरी तेच क्रियापद. फ्रेंचमध्ये मात्र काम जमलं, यंत्र सुरू झालं की ते 'चालतं', अगदी आपल्यासारखं. म्हणजे इंग्लिश एकटंच पळतंय असं नाही. कोणाला चालणं मानवलं, कोणाला धावणं, त्यात शुद्ध अशुद्ध काय?

आणि निवडणुकीचं कोणी काढलंच नाही अजून! अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडमध्ये तो 'स्टँड' करतो, आपल्याकडे निवडणुकीला उभा राहतो, कोंकणीत 'वेंचणुकेक उबो रावता'. हे उभं राहणं आपण इंग्रजांकडून घेतलं की आपलंच?

कोशवाचक
निवडणूकच त्यांच्याकडून आली, तेव्हा शब्दही तिथूनच आला असणार. पण आज ते कोणाला भाषांतर वाटतं का? पन्नास वर्षांनी 'धावणारी फेरीबोट' पण तशीच मुरेल.

मांडवीपार
मुरेल तेव्हा मुरेल. मी चोडणचा आहे तोवर फेरी सुटणार आणि लागणार.

दस्तऐवज
मी बरीच वर्षं रजिस्ट्रेशनच्या कागदांचं टायपिंग करतो, मराठी खतंही भरपूर टाईप केलीत, मुख्यतः सावंतवाडी-दोडामार्गकडची. व्हाळाकाठ बाब, तुमच्या दोन्ही वाक्यांना क्रियापदच नको. जुन्या मराठी खतात हद्द लिहायची पद्धत म्हणजे चतुःसीमा: 'पूर्वेस: व्हाळ. पश्चिमेस: अमक्याची मिळकत. दक्षिणेस: पायवाट.' ना धावते, ना जाते, ना आहे. वाचणाऱ्याला जागेवर उभं राहून चारी बाजूंना बघितल्यासारखं कळतं.

हक्काचं पण तेच. मिळकतीचं वर्णन संपलं की ठरलेली ओळ येते: 'त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह व जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह'. हे 'सह' फार मोलाचं आहे. इंग्लिश कागद हक्काला जमिनीबरोबर पळवतो, मराठी कागद हक्क जमिनीला बांधून ठेवतो. कायद्याची कल्पनाही तशीच, 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं आठवं कलम म्हणतं की जमीन दिली की तिला जोडलेले सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरायचे हक्क) तिच्यासोबत जातात, वेगळं सांगितलं नसेल तर. तुमच्या मावशीच्या बाबतीत वाट विकलेल्या तुकड्यातून जाणार आणि हक्क राखलेल्या जमिनीचा, म्हणून मी असं लिहीन: 'विकलेल्या मिळकतीतील पायवाटेच्या वहिवाटीचा हक्क राखून ठेवलेल्या मिळकतीस कायम राहील व तो दोन्ही मिळकतींच्या पुढील सर्व धारकांस बंधनकारक असेल.' वकिलांना दाखवून घ्या मात्र, सहीच्या आधी.

निखळ मराठी
'वहिवाट'! हा शब्द काढलात, जीव सुखावला. 'वह्' म्हणजे वाहणे, नेणे, आणि पुढे 'वाट'. जी वाट वाहती आहे ती वहिवाट. हा अस्सल शब्द असताना आपण 'राईट ऑफ वे' म्हणतो.

चिरेबंदी
आमच्या जुन्या मुकादमाचं सांगणं वेगळं होतं, 'वही'त नोंद असलेली वाट ती वहिवाट. कागदावर नसेल तर ती नुसती पायवाट.

निखळ मराठी
अजिबात नाही. उलट वहिवाट म्हणजे कागदावर नसून वापराने पडलेली. लोक वर्षानुवर्षं चालले म्हणून हक्क झाला, हाच तर त्या शब्दाचा प्राण.

कोशवाचक
थांबा, 'वहिवाट'चा वाटेशी संबंध आहेच असं धरून का चाललाय सगळे? देवस्थानाचा 'वहिवाटदार' कुठल्या वाटेवर बसलेला असतो? तो कारभार बघतो. जमीन 'वहिवाटणे' म्हणजे ती कसणे, ताब्यात ठेवून वापरणे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश (1831, दुसरी आवृत्ती 1857) बघा, कारभार चालवणे हाच अर्थ त्यात ठळक आहे. म्हणजे इंग्लिशमध्ये देवस्थान 'रन' करतात आणि वाटेचा हक्कही 'रन' होतो, आणि मराठीत दोन्हीकडे वहिवाट! इतकी जुळणी मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलेली नाही.

कराडची लेक
हे फारच छान. पण मग फोडायचा कसा, वहि-वाट की वहिव-आट?

निखळ मराठी
'वाट'च. दुसरं शक्य नाही.

कोशवाचक
शक्य नाही असं कसं म्हणता? 'बनावट', 'सजावट' मधलं 'वट' बघा.

निखळ मराठी
ते हिंदी वळणाचे शब्द आहेत, त्यांच्यावरून मराठी शब्द फोडू नका.

व्हाळाकाठ
दस्तऐवज साहेबांचं वाक्य मावशीला वाचून दाखवलं. 'वहिवाटीचा हक्क' लगेच पटला, पण 'धारक' तिला बँकेतला वाटतो, 'मालक' लिही म्हणते. आणि मी म्हटलं कुळ असेल, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर त्याला मालक म्हणता येत नाही, 'धारक'च हवं. कोणाला मधला शब्द सुचतोय का?

लिसेंवचा नातू
मांडवीपार, तुमचं 'फेरी लागते' डोक्यातून जात नाहीये. इंग्लिशला 'रन' असेल तर आपल्याला 'लागणे' आहे. फेरी लागते, भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झोप लागते, फणस लागतात, वेळ लागतो, नाद लागतो, पाऊस लागतो.

निखळ मराठी
पाऊस 'पडतो'. 'लागतो' कुठे म्हणतात?

मांडवीपार
सगळीकडे म्हणतात आमच्याकडे! पडतो तो साधा, येऊन जातो. मृगानंतर जो सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही तो लागतो. 'पाऊस लागलाय' म्हटलं की कळतं आज काही वाळणार नाही.

कराडची लेक
आमच्याकडे त्याला 'झड लागली' म्हणतात. पाऊस लागला असं मी म्हापशाला येऊन ऐकलं. आणि घाटात गाडी लागते ती वेगळीच, ती इंग्लिशमध्ये कशी सांगाल? स्टँडवर गाडी लागली म्हणजे येऊन उभी राहिली, आणि मला गाडी लागली म्हणजे मळमळलं.

कोशवाचक
कर्ता तोच, गाडी. फरक फक्त 'मला'चा. माझा कर्त्याचा नियम इथे पुरत नाही, कोणाला लागली हे पण धरावं लागेल.

निखळ मराठी
'धरावं लागेल' मधलं 'लागेल' कुठलं, ते आधी ठरवा.