मदत हवी आहे: दुबईच्या हॉटेलनं घेतलेलं डिपॉझिट परत येईना

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. प्रश्न पैशाचा आहे, पण जरा मागून सांगतो, नाहीतर गडबड कुठं झाली ते तुम्हालाही कळायचं नाही.

याआधी दोनदा परदेशी गेलोय, दोन्ही वेळा कंपनीच्या टूरवर. बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलं की कंपनी नेते. शंभर-दीडशे डीलर, टूर मॅनेजरच्या हातात पासपोर्टांचा गठ्ठा, आपण लॉबीत बसून चावीची वाट बघायची. हॉटेलच्या काउंटरवर काय चालतं ते आम्हाला कधी दिसलंच नाही. या जानेवारीत रब्बीची धावपळ ओसरली तसं आईवडील, बायको आणि मी असे चौघं पदरच्या पैशानं दुबईला गेलो. हैदराबादहून विमान, देरा भागात चार तारांकित हॉटेल, दोन खोल्या, पाच रात्री. ॲपवर बुकिंग, पैसे आधीच भरलेले. म्हटलं आता हॉटेलात एक रुपया द्यायचा नाही.

सकाळी सातला पोचलो तर खोली दुपारी दोनला. आपल्याकडं लॉजवर चोवीस तासांचा हिशेब, केव्हाही जा. तिथं लवकर खोली पाहिजे तर वेगळे पैसे. आई सोफ्यावर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन सात तास बसली. दोन वाजता काउंटरवर म्हणाले, दर खोलीला दर रात्री 15 दिरहम 'टुरिझम दिरहम'. म्हणजे 150 दिरहम. त्यावर दर खोलीला 500 दिरहम डिपॉझिट, जाताना परत. मागं लाइन लागलेली, मी डेबिट कार्ड पुढं केलं. मशीनवर दोनदा घासलं, दोन चिठ्ठ्या दिल्या. प्लग बसेना म्हणून एक ॲडॅप्टरही दिला. तिकडं चौकोनी तीन पिनांचं सॉकेट आहे, आपला मोबाइल चार्जर त्यात जात नाही.

खोल्या मात्र झकास. छतावर एक हिरवा बाण चिकटवलेला. आईला वाटलं आग लागली तर पळायची दिशा. मग कळलं तो किब्ल्याचा, नमाजाची दिशा. तरी पाच दिवस ती रोज त्या बाणाकडं बघून दार कुठं आहे ते पक्कं करायची. नाष्ट्याला एवढे प्रकार की वडील पहिल्या दिवशी नुसते फिरून बघत होते.

पहिली रात्र बेकार गेली. आईवडिलांच्या खोलीच्या बरोबर खाली क्लब, पहाटे तीनपर्यंत धाड धाड. सकाळी मी इंग्रजीत तक्रार केली, ‘सर वी विल चेक’ एवढंच. मग वडील स्वतः गेले. काउंटरवरचा पोरगा हैदराबादचा निघाला. वडील मोंढ्यातली दखनी बोलले, ‘क्या बाबा, बुढ्ढे लोगां को ऐसा नक्को करो’. पंधरा मिनिटांत आठव्या मजल्यावर खोली. निजामाचं राज्य 1948 ला गेलं, पण भाषा आमच्या घरात अजून कामाला येते, राव! त्या खोलीतून खाडी दिसायची. संध्याकाळी एक दिरहमात अब्रा बोटीनं पलीकडं बर दुबईला जायचो, वडिलांचा सगळ्यात आवडता खर्च तोच.

आता मुद्दा. निघताना त्यांनी ‘डिपॉझिट रिलीज’ म्हणून सांगितलं. येऊन अठरा दिवस झाले. दोन्ही खोल्यांचे मिळून साधारण चोवीस हजार अडकलेत. बँकेत विचारलं तर म्हणे हॉटेलला विचारा. हॉटेलला फोन केला तर म्हणे बँकेला विचारा. पुढच्या आठवड्यात कंपनीचं पेमेंट आहे. काय करावं?

*

नांदेडी_हिशेबनीस:
बँकेत नोकरी केलीय, म्हणून सांगतो. आधी त्या दोन चिठ्ठ्या शोधा. त्यावर ‘प्री-ऑथ’ आहे का ‘सेल’, सगळं त्यावर आहे. प्री-ऑथ असेल तर हॉटेलनं पैसे घेतलेलेच नाहीत, तुमच्या बँकेला नुसतं बाजूला ठेवायला सांगितलंय. तो अडसर काढायचं काम तुमच्या बँकेचं. हॉटेलकडून रिलीजचा मेल आणि चिठ्ठीवरचा ऑथरायझेशन कोड घेऊन शाखेत जा, तोंडी बोलू नका. ‘सेल’ असेल तर पैसे खरंच तिकडं गेले. मग हॉटेललाच रिफंड करावा लागेल. तो त्या दिवसाच्या दरानं येईल आणि बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे दरावर लावलेला जादा आकार, बहुधा परत मिळणार नाही.

चिठ्ठीचा फोटो लगेच काढा. तो थर्मल कागद असतो, उन्हात गाडीत राहिला की कोरा.

देरा_रिटर्न:
टुरिझम दिरहमबद्दल हॉटेलवर शंका नको. तो सरकारी आहे, 2014 पासून. चार तारांकितला 15, पाच तारांकितला 20, खोलीमागं, माणसामागं नाही. ॲपवर बारीक अक्षरात ‘हॉटेलात भरावा’ लिहिलेलं असतं, वाचतो कोण.

एक विचारतो, मशीननं रुपये का दिरहम असं विचारलं होतं का? रुपये दाबले असतील तर दर महाग लागला असेल. कायम तिथलंच चलन निवडायचं.

लातूरची_लेक:
डिपॉझिटला डेबिट कार्ड देऊच नये हो दादा. क्रेडिट कार्डावर नुसती लिमिट अडकते, घरखर्चाचे पैसे नाहीत. आम्ही तर रोख देतो आणि हातानं लिहिलेली पावती घेतो. निघताना नोटा मोजून परत.
काकूंच्या धपाट्यांना सात तास काय झालं ते सांगा!

नांदेडी_हिशेबनीस:
आणि बँकेनं ऐकलं नाही तर लेखी तक्रार करून नंबर घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. बहुतेक वेळा लोकपालाचं नाव काढलं की शाखेतच काम होतं.

*

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. धपाटी तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली, लातूरच्या ताई.

चिठ्ठ्या वडिलांच्या कोटाच्या खिशात सापडल्या. एक अर्धी कोरी झाली होती, पण वाचता आली. गंमत अशी की माझ्या खोलीची ‘प्री-ऑथ’ आणि आईवडिलांची ‘सेल’. एकच मशीन, एकच माणूस, दोन मिनिटांच्या अंतरानं. मशीननं रुपये का दिरहम विचारलं होतं का, ते मला खरंच आठवत नाही.

प्री-ऑथचा कोड आणि हॉटेलचा मेल शाखेत दिला, चौथ्या दिवशी शिल्लक पूर्ववत. सेलवाल्याची मेलामेल आठ दिवस चालली. काल उत्तर आलं: रिफंड केलाय, पण 500 नाही, 460 दिरहम. 40 दिरहम ॲडॅप्टरचे, खोलीत मिळाला नाही म्हणून.

मी तावातावानं लिहायला बसलो की आम्ही ॲडॅप्टर टेबलावरच ठेवला होता. बायको म्हणाली, आधी आईंना विचारा. आईनं धपाट्यांचा रिकामा डबा आणून उघडला. आत ॲडॅप्टर, कागदात नीट गुंडाळलेला. ‘पैशे भरल्ते की आपण. मग सोडायचा कशाला?’

साडेनऊशे रुपयांचा पडला. इथल्या सॉकेटात तो जात नाही. वडिलांनी टीव्हीच्या कपाटावर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.