चारचाकी गाड्या उतरवायच्या यार्डाचं मॉडेल: रूळ कसे टाकू?

निपाणीचा_रूळवेडा
मंडळी, नमस्कार. निपाणीला रेल्वे नाही, पण आमच्या माडीवर एचओ मापाचं, म्हणजे ८७ ला १ प्रमाणाचं मॉडेल उभं राहतंय. भिंतीलगत ८ फूट लांब, दीड फूट रुंद फळी मोकळी आहे. तिच्यावर चारचाकी गाड्या उतरवायचं यार्ड करायचंय. मामांकडं खानापूरला गेलो की फाटकात कधी कधी खिडक्या बंद केलेल्या जुन्या डब्यांची एनएमजी, म्हणजे नव्या मोटारगाड्या वाहणारी मालगाडी दिसते, तीच मनात बसलीय. आतल्या गाड्या बाजूनं काढतात की टोकाकडून? मी दोन्हीकडं पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) असलेली, म्हणजे दोन्ही टोकांनी मुख्य रुळाला जोडलेली लूप लाईन आखलीय, कडेला फलाट. चालेल का?

खानापूर_पॉइंट्समन
बाळा, फलाट विसर. तू बघितलेल्या डब्यांना दारं टोकाला असतात. प्रवासी वाहतुकीतून काढलेले आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचे) डबे ते. आतली बाकं, संडास सगळं काढून टाकलेलं. दोन डब्यांच्या मधे लोखंडी पत्रे पाडले की अख्खा रेक (जोडलेल्या डब्यांची माळ) म्हणजे एकच लांब बोळ. अगदी शेवटच्या डब्यातली गाडीसुद्धा पुढचे सगळे डबे पार करून रॅम्पवर येते. म्हणून पक्का रॅम्प डेड एंडलाच, म्हणजे रूळ जिथं संपतो तिथंच बांधतात. लूपवर तो बांधला तर लाईनच बंद झाली की.

आता इंजिन. ते रेकच्या मागंच पाहिजे. पुढं राहिलं तर रॅम्प आणि डब्यांच्या मधे अडकून बसेल. म्हणजे रेक ढकलत आत न्यायचा, पुढच्या डब्याजवळ झेंडी घेतलेला माणूस. शेवटची दहा-पंधरा फुटं तर अगदी हळू. डब्यांच्या टोकाचे बफर (धक्का झेलणारे दांडे) एकमेकांना टेकले नाहीत तर मधला पत्रा नीट बसत नाही. त्यासाठी ही लाईन सरळसोट ठेव, जागा वाचवायला वळण देऊ नको. वळणावर एका अंगाचे बफर दाबलेले आणि दुसऱ्या अंगाला फट. असल्या पत्र्यावरनं नवीकोरी गाडी न्यायला कोण तयार होईल? चढ-उतारही नको. यार्डात ४०० ला १ च्या वर उतार चालत नाही, १२०० ला १ असला तर उत्तम.

मी पुण्याकडच्या यार्डात नोकरी केली. इंजिन सुटलं, हँडब्रेक आवळले, चाकाखाली लाकडी गुटके गेले, पॉइंटला कुलूप लागलं, लाल झेंडी रोवली, तोवर एकाही ड्रायव्हरला आम्ही डब्यात पाय ठेवू देत नव्हतो. मॉडेलात ती झेंडी आणि गुटके दिसलेच पाहिजेत. आत अंधार असतो. ड्रायव्हर आरसे मिटून बसलेला, चाकांचे पट्टे सोडणारा माणूस वेगळा. चारी चाकं हात लावून तपासल्याशिवाय तो बोनेटवर थाप मारत नसे, आणि थाप पडल्याशिवाय गाडी हलत नसे.

टिळकवाडी_एचओ
काकांनी सांगितलं ते मापात बसवून देतो. आयसीएफ डबा बफरसकट साधारण २२.३ मीटर, म्हणजे आपल्या मापात २५६ मिलिमीटर. २५ डब्यांच्या रेकला साडेसहा मीटरच्या जवळपास जागा लागेल, ते सोडूनच द्या. पाच डबे घ्या: १.२८ मीटर. इंजिनाला २५ सेंटीमीटर. डब्याची फरशी रुळाच्या वर साधारण सव्वा मीटर असते, दहाला एक उतार धरला तर रॅम्प १५ सेंटीमीटरचा होईल. पाऊण मीटर उरतं, त्यात एक पॉइंट आणि गाड्यांचं मैदान. इंजिन रेकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची लूप या फळीवर मावणार नाही. ती स्टेशनच्या बाजूला घ्या, इथं रेक ढकलतच येऊ दे.

अमेरिकन यार्डांचे फोटो बघून मात्र मांडणी करू नका. तिकडचे ऑटोरॅक, म्हणजे मोटारगाड्या वाहणारे डबे, ८९ फुटी, दुमजली नाहीतर तिमजली. शेजारी शेजारी डेड एंड रूळ, मधे डांबरी पट्टे, आणि मजल्याप्रमाणं उंची बदलणारे हलते रॅम्प. रेक तोडून तुकडे एकेका रुळावर लावतात. ते वेगळं काम आहे.

शिनोळी_ट्रेलर
मैदानात कंजूषी करू नका. एका डब्यात लहान गाड्या पाच धरल्या तरी पूर्ण रेकच्या सव्वाशे होतात. उतरली की प्रत्येक गाडी ओरखड्यासाठी तपासायची, कागदावर सही, मग शोरूमवार रांगा. आमचे ट्रेलर वळायला जागा नसली की रॅम्पच्या तोंडाशीच सगळं तुंबतं, आणि ठरलेल्या वेळेपुढं रेक उभा राहिला की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार सुरू. मैदान काँक्रीटचं दाखवा. आमच्या भागातल्या पावसात मातीत चाकं रुततात.

निपाणीचा_रूळवेडा
काका, लूप खोडली. दोन डेड एंड शेजारी टाकून टोकाला दोन्हींना मिळून एकच रुंद रॅम्प ठेवला तर?

खानापूर_पॉइंट्समन
टाक की. एका लाईनवर गाड्या उतरत असताना दुसरीवरचे रिकामे डबे ओढून नेता येतात. फक्त दोन्ही पॉइंटना वेगवेगळं कुलूप दाखव. नव्या कामात दोन रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किमान ५.३ मीटर ठेवतात, तुझ्या मापात ६१ मिलिमीटर होतील. तू ७५ ठेव. पट्टे आणि गुटके घेऊन माणसं त्याच पट्टीतून ये-जा करतात.