शब्दचर्चा : व्यंग, उपहास, उपरोध

प्रश्न : मुलीला कॉलेजात 'व्यंग निबंध' लिहायला सांगितलाय. इथे नागपुरात हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण मला खटकतो. बरोबर काय?

उत्तर : ताई, खटकतो ते योग्यच. व्यंग म्हणजे शरीरातलं किंवा वस्तूतलं उणेपण. हिंदीतला 'व्यंग्य' वेगळा. तो व्यंजनेतून आला, म्हणजे सुचवलेला अर्थ. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठी शेजारी नांदल्या. त्यात शेवटचा 'य' गळून हा शब्द आपल्याकडे रुळला असावा, असं मला वाटतं. 'व्यंगचित्र' मराठीत पक्कं झालंय, ते राहू द्या. निबंध मात्र 'उपहासात्मक' म्हणा. हा शुद्धलेखनाचा हट्ट नाही. एका विद्यार्थ्याने 'व्यंग निबंध' म्हणून शिपायाच्या तोतरेपणावर दोन पानं लिहून आणली होती. शब्दानेच त्याला तिकडे नेलं. मला फार वाईट वाटलं होतं.

प्रश्न : मग उपहास आणि उपरोध एकच का?

उत्तर : नाही. उपहास हा हेतू, चुकीच्या गोष्टीला हसून उघडं पाडण्याचा. उपरोध ही बोलण्याची रीत, शब्द स्तुतीचे आणि अर्थ उलटा. विडंबन म्हणजे दुसऱ्या रचनेचा साचा उचलणं. आरती, परिपत्रक, लग्नपत्रिका, काहीही.

मुलीला आधी आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे लोकांना खटकणाऱ्या गोष्टीचा पुतळा, आठवायला सांगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो तो. त्याच्यावरची पाटी वाचली की राग कशावर आहे ते लगेच कळतं. तशी एक पाटी तिने सरळ शब्दांत लिहावी आणि टेबलावर ठेवावी. निबंधात ती उतरवायची नाही. मग बोलणारा ठरवायचा; जे चुकलंय तेच त्याला मनापासून पटलेलं हवं. हे जमलं की अर्धं काम झालं.

प्रश्न : तिने चौकातल्या झाडांवर लिहिलंय. हे बघा : 'झाडे तोडली तरी चौकातली हिरवाई कायम आहे, कारण उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात. किती हा मूर्खपणा!'

उत्तर : पहिलं वाक्य फार सुंदर आहे, तिला नक्की सांगा. मे महिन्यात त्या जाळीखाली थांबलेल्या प्रत्येकाला ते भिडेल. दुसरं काढायला लावा. 'मूर्खपणा' म्हटलं की बोलणारा बदलतो, तिथे उपरोध संपून नुसती चीड उरते. वाचकाला जे स्वतः कळणार होतं, ते आपण हिसकावून घेतो.

प्रश्न : काढलं. आणि 'टोमणा'?

उत्तर : टोमणा समोरच्या माणसाला मारतात. तिचा राग कुणा एका माणसावर नाही, म्हणून तो शब्द इथे नको.