बाळ उभं राहायला लागलं तेव्हा... तुमच्या घरचे अनुभव सांगा

आमचं पिल्लू साडेनऊ महिन्यांचं. परवा दिवाणाचा काठ धरून पहिल्यांदा उभं राहिलं. आख्खं घर टाळ्या पिटतंय आणि हे भोकाड पसरून रडतंय! उभं तर राहिलं, पण बसायचं कसं ते कळेना. रात्री दोनलाही तोच खेळ. तुम्ही काय केलंत? नागपूरकरांनी तर लिहाच. मे तोंडावर आहे आणि घरभर गुळगुळीत टाइल्स.

महालची आजी
लगेच उचलू नको बाई, नाहीतर बसायचं शिकणार कधी? गुडघ्यांच्या मागे बोटं लावून हळूच वाकव आणि ढुंगणावर टेकव. नाहीतर आवडीची वाटी जमिनीवर ठेव, ती घ्यायला आपसूक वाकते लेकरू. माझ्या नातीला चार दिवसांत जमलं. आणि ते पायमोजे काढ आधी. उघडा तळवा फरशी धरतो, मोजा घसरतो.

मानेवाड्याचा बाबा
आमची गोष्ट कूलरची. लोखंडी बॉडीचा, खोलीतच ठेवलेला. पोरगी अकरा महिन्यांची, आणि धरून उभं राहायला तिच्या उंचीला नेमका तोच सोयीचा. खाली पाणी ठिबकलेलं, तिचे पाय ओले. ती पोचायच्या आधी मी सहज हात लावला तर झिणझिण्या आल्या. बाप्पा! त्या दिवशी जेवण गेलं नाही. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोर पाय पसरून झोपत होतो. अर्थिंग करून घेतलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आणि कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला. आता पाणी भरताना प्लग काढतोच. टुल्लू पंपाची बादलीही भरून ठेवत नाही. धरून उभं राहणारं पोर बादलीत डोक्याकडून जातं, आणि वीतभर पाणीही त्याला पुरतं.

तान्हा पोळा स्पेशल
आजोबांनी हौसेने चाकांचा लाकडी बैल आणला. नातू दहा महिन्यांचा. शिंगं धरून उभा राहिला, बैल निघाला पुढे आणि हा तोंडावर. ओठ फुटला, कपाळाला टेंगूळ. आजोबांचा बैल, बोलायचं कोणाला? चाकांत कापड कोंबलं. संक्रांतीपर्यंत तो बैल जागचा हलला नाही.

धरमपेठची आई
वॉकर कोणी भेट दिला तर गोड बोलून माळ्यावर टाका. आमचा त्यात टाचा उचलून सुसाट पळायचा; उंबरठ्याला अडकून उलटला. बालरोगतज्ज्ञ रागावल्याच. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं.

इतवारीकर
वॉकरवरून पांगुळगाड्याला शिव्या नका देऊ! त्यात पोर अडकलेलं नसतं, मागे आपल्या पायांवर उभं असतं. फक्त टाइल्सवर तो फार पळतो. आम्ही वर तांदळाची पाच किलोची पिशवी बांधली आणि आमच्यातलं एक जण कायम जवळ.

दोन महिने आधी आलेल्या लेकीची आई
"अजून उभी राहून नाही राहिली? काहून?" हे मी इतकं ऐकलं की लग्नकार्यांना जाणं सोडलं. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हिचं वय दोन महिने वजा करून मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय उभं राहण्याचा काळ साधारण ७ ते १७ महिने असा लांबरुंद आहे. हो, वर्षाचं बाळ आधारानेही पाय टेकत नसेल किंवा एकच बाजू वापरत असेल तर दाखवायला उशीर करू नका. आमची पंधराव्या महिन्यात उभी राहिली, कोणी बघत नसताना.

एक मामा
एका हाताला धरून उठवू नका. मी भाचीला तसं उचललं, कोपर निखळलं. डॉक्टरांनी मिनिटात बसवलं, पण ताई आठवडाभर बोलली नाही.

धागाकर्ती
काल रात्री आजींची युक्ती केली. गुडघ्यामागे बोटं लावली, धपकन बसलं, खुदकन हसलं आणि परत उभं. सव्वातीन वाजेपर्यंत हेच. कूलरवाल्याला सकाळीच फोन केलाय.